एनएसएसचं निवासी शिबिर: गावाला विचारून जायचं तर

जून 2024 मध्ये आमच्या कल्याणच्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी म्हणून माझं नाव लागलं. मी शिकवते अर्थशास्त्र. शिबिराला आयुष्यात एकदाच गेले होते, तेही विद्यार्थिनी असताना, आणि त्यातलं आठवत होतं ते एवढंच की रात्री खूप थंडी होती आणि आम्ही गावात हुंड्यावर पथनाट्य केलं होतं. हातात आलेल्या फाइलमध्ये आधीच्या शिबिरांचे अहवाल होते. सगळ्यांची रचना एकच: उद्घाटन, प्रभातफेरी, श्रमदान, बौद्धिक, समारोप. प्रत्येकाच्या शेवटी ‘ग्रामस्थांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’. कुठल्या ग्रामस्थांनी, आणि त्यांना नेमकं काय हवं होतं, याची ओळ कुठे सापडली नाही.

हे लिहितेय ते नव्याने नेमणूक झालेल्या प्राध्यापकांसाठी. परिपत्रकात नियम मिळतात. गावाशी कसं बोलायचं आणि मुलांना कसं तयार करायचं, हे तिथे मिळत नाही. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. मोखाडा तालुक्यातला, खोडाळ्याच्या बाजूचा एक पाडा आहे, इतकं पुरे.

थोडी चौकट आधी. ही योजना 24 सप्टेंबर 1969 ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास नियमित काम करायचं आणि एक सात दिवसांचं विशेष शिबिर करायचं. शंभर मुलांच्या युनिटमागे पन्नास जणांचं शिबिर मंजूर होतं, आणि अनुदान आहे माणशी 700 रुपये. म्हणजे दिवसाला शंभर. त्यात प्रवास, जेवण, सामान, सगळं. जुन्या अभ्यासक्रमाच्या मुलांना दहा गुण मिळतात, नव्या शैक्षणिक धोरणातल्यांना श्रेयांक (क्रेडिट). मुलं गुणांसाठी येतात म्हणून नाकं मुरडणारे सहकारी तुम्हालाही भेटतील. मला त्यात काही गैर वाटत नाही. गुणांसाठी आलेलं पोरही पाटी उचलतं.

जुलैत मी गावाचा शोध सुरू केला. ओळखीच्या एका जिल्हा परिषद शिक्षकांमुळे या पाड्यापर्यंत पोचले. पहिल्या भेटीला एकटीच गेले: कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे विहीगावच्या घाटातून जीप, आणि शेवटचा चिखलाचा तुकडा पायी. भाताची लावणी चालू होती, कोणाला बोलायला वेळ नव्हता, आणि ते योग्यच होतं. सरपंचांनी चहा पाजला आणि दहा मिनिटांत संमतिपत्रावर सही-शिक्का द्यायची तयारी दाखवली. कागदापुरतं काम तिथेच संपत होतं. पण शिक्षकांनी बाहेर आल्यावर सांगितलं, “सरपंच वरच्या गावातले. तुम्ही राहणार खालच्या पाड्यात. तिथल्यांना अजून काहीच माहीत नाही.”

हा सगळा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. पेसा कायद्यामुळे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यामुळे, इथे पाड्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते. ग्रामपंचायतीचा ठराव विद्यापीठाला लागतो, तो घ्याच. पण पाड्याच्या सभेत जाऊन विचारणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती कुठलंही परिपत्रक मागत नाही. ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. पंधरा ऑगस्टला आमचंच झेंडावंदन असतं, त्यामुळे 2 ऑक्टोबरची वाट पाहावी लागली. दोन महिने हातात काहीच नाही आणि कॉलेजात रोज विचारणा, ‘मॅडम, गाव फायनल झालं का?’ या काळात मला झोप नीट लागत नसे, हे सांगून टाकते.

तो वेळ मुलांच्या तयारीला वापरला. शनिवारी दुपारी दोन तास बसायचो.

पहिल्या शनिवारी मुलांना एकमेकांच्या घरी पाठवल्याचं नाटक करायला लावलं. प्रसंग असा: डोंबिवलीतल्या तुमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात सकाळी आठ वाजता पाच अनोळखी माणसं येतात. बाबांचा पगार किती, ते दारू पितात का, संडास आत आहे की बाहेर, आईचं लग्न कितव्या वर्षी झालं, असं विचारतात, वहीत लिहून घेतात, स्वयंपाकघराचा फोटो काढतात आणि जाताना तुमच्या धाकट्या भावाच्या हातात चॉकलेट ठेवतात. पहिली दोन मिनिटं सगळे हसले. मग जिच्या ‘घरात’ पाहुणे आले होते ती मुलगी म्हणाली, “मॅडम, मी यांना दारातच उभं केलं असतं.” त्यानंतर आमच्या फाइलमधली जुनी सर्वेक्षण-प्रश्नावली वाटली. चाळीसेक प्रश्न होते आणि जवळजवळ सगळे याच जातीचे. एकाने विचारलं, ही माहिती भरून पुढे जाते कुठे? मी खरं ते सांगितलं: कॉलेजच्या कपाटात. सर्वेक्षण रद्द करायचं मुलांनीच ठरवलं.

दुसऱ्या बैठकीत या भागाबद्दल बोललो. जव्हार-मोखाड्यात वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी असे वेगवेगळे समाज आहेत आणि कातकरी बहुतेक ठिकाणी गावाच्या कडेला, वेगळ्या वस्तीत राहतात. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली. तेव्हापासून इथे पत्रकार, संस्था, पाहणी पथकं येतच राहिली. वजनकाटा आणि कॅमेरा घेऊन आलेला शहरी माणूस इथल्या म्हाताऱ्यांना नवा नाही. आपण पहिले नाही, हे मुलांना आधी कळलेलं बरं.

पथनाट्याचा विषय मात्र चांगलाच रंगला. मुलांनी उत्साहाने हुंडाबंदीची संहिता लिहून आणली. आमच्या काळापासून तीच चालत आली असावी. मी फक्त म्हटलं, शिक्षकांना फोन लावून विचारा, पाड्यात हुंडा किती घेतात. स्पीकरवर सरांचं उत्तर आलं की वारल्यांत मुलाकडचे मुलीकडच्यांना देज देतात, हुंडा ही तुमच्याकडची पद्धत. आणि पारंपरिक लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाई. वर्गात शांतता. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “मग हे नाटक आपण आपल्याच सोसायटीत करू.” ते त्यांनी पुढे जानेवारीत खरंच केलं, कॉलेजच्या फाटकापाशी. शाळेच्या भिंतीवर वारली चित्रं काढायची कल्पनाही अशीच मागे पडली. वारल्यांच्या शाळेवर कल्याणच्या मुलांनी पोस्टर कलरने वारली चित्रं काढायची, हे मोठ्याने बोलल्यावर त्यांनाच कसंसं झालं.

जुने कपडे गोळा करायला मुलांनी ऑगस्टमध्येच सुरुवात केली होती. ते थांबवताना थोडा वाद झाला. एका पालकांनी फोन करून विचारलं, गरिबाला कपडा दिला तर वाईट काय? मी म्हटलं, मागितला तर देऊ; अजून कोणी मागितलेला नाही. त्यांना पटलं असं वाटत नाही.

2 ऑक्टोबरला आम्ही चौघं गेलो: मी, एक सहकारी सर, आणि विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून एक मुलगा, एक मुलगी. पाड्याच्या सभेत पंचवीसेक माणसं होती, बायका मागे बसलेल्या. आम्ही काय करू शकतो ते न सांगता, तुम्हाला सात दिवस चाळीस पोरांचे हात मिळाले तर काय कराल, असं विचारलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक बाबा म्हणाले, ओहोळावर बंधारा घाला, पण जानेवारीत येऊन नको, तोवर पाणी उतरतं. दुसरे म्हणाले, डिसेंबरात आलात तर भेटणार कोण? दिवाळी झाली की घरं निघायला लागतात, भिवंडी, वसई, वीटभट्ट्यांवर. होळीपर्यंत म्हातारी माणसं आणि काही पोरं, एवढंच.

आमचं शिबिर वर्षानुवर्षं डिसेंबरअखेरीस व्हायचं, कारण तेव्हा परीक्षा संपलेल्या असतात आणि नाताळची सुट्टी असते. गावाच्या वेळापत्रकात तो सगळ्यात वाईट आठवडा आहे.

सभा संपल्यावर आमची मुलगी विहिरीवर बायकांशी बोलायला गेली. तिथे वेगळंच समजलं. बंधारा त्यांनाही हवाच होता, पण पुरुषांनी सांगितलेल्या जागेपेक्षा थोडा वर, जिथे कपडे धुवायला उतरता येतं. आणि दुसरं मागणं होतं कागदपत्रांचं. रेशन कार्डाचं ई-केवायसी, मुलांचे जातीचे दाखले. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला 1950 पूर्वीचा पुरावा लागतो, तो आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या किंवा महसुली कागदांतून शोधावा लागतो, आणि तहसील कार्यालयाची प्रत्येक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. ओहोळाच्या खालच्या अंगाला कातकऱ्यांची सात-आठ घरं आहेत. तिथेही जाऊन आलो, कारण पाणी वर अडवलं तर खाली काय, हा प्रश्न त्यांचा. ती माणसं सभेला आलीच नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच की धार बंद करू नका, आम्ही तिथे खेकडे-मासे धरतो. वनराई बंधारा गोणींचा असतो, वरून पाणी वाहू देता येतं. तसं कबूल केलं.

आता तारखेचं गणित. 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. मतदान 20 नोव्हेंबरला आणि पाड्यावरची शाळा हेच मतदान केंद्र. सत्र परीक्षांचं वेळापत्रकही निवडणुकीमुळे सरकलं. सगळं जुळून 26 नोव्हेंबर ते 2 डिसेंबर एवढीच फट उरली. प्राचार्यांचा पहिला प्रश्न होता की तासिका बुडणार त्याचं काय. जादा तासांचं लेखी वेळापत्रक दिल्यावर त्यांनी सही केली. त्यात तीन आठवडे गेले.

कागदांची यादी मी एका दमात सांगते: विद्यापीठाच्या एनएसएस विभागाकडे शिबिराचा प्रस्ताव, ग्रामपंचायतीचं संमतिपत्र, शाळा व्यवस्थापन समितीचं परवानगीपत्र, पोलीस ठाण्याला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना तारखांसह पत्र, प्रत्येक मुलाच्या पालकांची संमती, आणि मुलाच्या आजारांची, ॲलर्जीची माहिती. प्रत्येक पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आरोग्य केंद्राला पत्र टपालाने न पाठवता स्वतः जाऊन द्या, म्हणजे तिथल्या माणसाचा चेहरा आणि फोन नंबर दोन्ही मिळतात. तिसऱ्या रात्री एका मुलाला ताप चढला तेव्हा ही ओळख कामी आली. डॉक्टरांनी फोनवर ऐकून घेतलं, सकाळी तपासलं, साधा ताप निघाला. पण त्या रात्री मी त्याच्या उशाशी बसून घड्याळ पाहत होते, हे त्याच्या आईला अजून माहीत नाही.

मंजूर पन्नास, प्रत्यक्षात निघाली 41 मुलं. अनुदान झालं 28,700, आणि तेही नंतर येणार; आधी कॉलेजकडून उचल घ्यायची. जीपगाड्यांना दोन्ही वेळचे मिळून बारा हजार लागले. रिकाम्या सिमेंटच्या पाचशे गोण्या कल्याणातच भंगारवाल्याकडून दोन हजारांत घेतल्या. जेवणासाठी शहरातून आचारी नेण्याऐवजी पाड्यातल्या बचत गटाला काम दिलं, माणशी दिवसाला 110 रुपये, दोन शिक्षक धरून तेहेतीस हजारांच्या आसपास. वरचा खर्च विद्यार्थी कल्याण निधीतून. हिशेब विभागाला जीएसटीचं बिल हवं होतं आणि बचत गटाकडे बिलबुकच नसतं. यावर तोडगा असा: गटाच्या शिक्क्याची आणि अध्यक्षांच्या सहीची पावती, पाच हजारांवर रक्कम म्हणून एक रुपयाचं महसूल तिकीट, आणि पैसे थेट गटाच्या बँक खात्यात. हे निघण्याआधी लेखी मंजूर करून घ्या, नंतर नाही.

पाण्याचा हिशेब मुलांनीच केला. माणशी वीस लिटर धरलं तरी दिवसाला आठशे लिटरच्या वर, म्हणजे पन्नासेक हंडे. ते कोणाच्या डोक्यावरून येणार? ठरलं असं की पाणी आपण ओढायचं आणि आपणच वाहायचं, सकाळी आणि संध्याकाळी बायकांची गर्दी असते ती वेळ सोडून, दुपारी. स्वयंपाकाचं पाणीसुद्धा. पहिल्या दिवशी हंडा डोक्यावर ठरेना म्हणून मुलांनी बादल्या घेतल्या, आणि निम्मं पाणी वाटेत सांडलं. आजूबाजूच्या पोरींची चांगली करमणूक झाली. असं हसू व्हायला हरकत नाही. उलट त्यानंतरच बोलणं सुरू झालं.

राहण्याची सोय मुलींना समाजमंदिरात, मुलांना शाळेच्या एका खोलीत. शाळा चालू होती, त्यामुळे घंटा व्हायच्या आत खोली झाडून रिकामी करायची. मुलींसाठी संडासाला दार आणि कडी आहे का, आत उजेड आहे का, हे पहिल्या भेटीतच बघा. लाजू नका. कडी नव्हती, आम्ही जाताना घेऊन गेलो आणि ती तिथेच ठेवून आलो.

पहिल्या दिवशी, 26 नोव्हेंबरला, संविधान दिन होता. शाळेतल्या मुलांबरोबर उद्देशिका वाचली आणि लगेच ओहोळावर गेलो. उद्घाटनाचं भाषण, हार-नारळ काही ठेवलं नाही, त्यावरून कॉलेजात नंतर थोडी कुरकुर झाली. बंधाऱ्याची जागा बायकांनी सांगितलेलीच राहिली. गोणीत माती-वाळू किती भरायची, तोंड कसं शिवायचं, थर कसे सांधायचे हे पाड्यातल्या दोघा बाबांनी शिकवलं आणि पहिला थर चुकीचा म्हणून काढायला लावला. त्यांना त्यांच्या दिवसाची मजुरी दिली. प्रशिक्षक मानधन या शीर्षाखाली बसते. पाचव्या दिवशी पाणी चढलं आणि वरून बारीक धार खाली जाऊ लागली.

दुपारी कागदांचं काम. एका वेळी दोनच मुलं, घरमालकाने बोलावलं तरच. आधारचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये काढायचा नाही, झेरॉक्सचा गठ्ठा त्याच घरात ठेवायचा, आणि ‘दाखला मिळवून देतो’ असं कोणी म्हणायचं नाही. अर्ज भरून कुठला पुरावा कमी आहे ते कागदावर लिहून द्यायचं, इतकंच. ई-केवायसीला नेटवर्क लागतं आणि ते फक्त टेकडीवर. रेशन दुकानदार मशीन घेऊन वर यायला दुसऱ्या दिवशी तयार झाले. काही घरांना कुलूप होतं. दिवाळीनंतरच निघालेली माणसं. त्यांचे कागद राहिले ते राहिलेच.

फोटोंचा पेच सुटायला अवघड. विद्यापीठाला आणि नॅकला (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला) जिओटॅग केलेले, म्हणजे जागेची नोंद असलेले, फोटो लागतात, आणि अहवालात ‘लाभार्थी’ दिसावेत अशी अपेक्षा असते. मी फोन जमा करून घेतले नाहीत, विशीतल्या मुलांना तसं वागवणं मला जमत नाही. नियम एवढाच की लहान मुलांचे फोटो नाहीत, कोणाच्या घराच्या आतले नाहीत, आणि अहवालाचे फोटो एकच मुलगी काढेल, विचारून. आमच्या अहवालात त्यामुळे गोणी, बंधारा आणि आमच्याच मुलांच्या चिखलाने भरलेल्या पाठी आहेत. तपासणाऱ्यांनी एकदा विचारलं, ग्रामस्थ कुठे आहेत? ग्रामसभेच्या इतिवृत्ताची प्रत जोडली, चाललं.

एका मुलाने समूहात स्टेटस टाकलं होतं, ‘यांच्याकडे काहीच नाही तरी किती आनंदी असतात’. रात्रीच्या बैठकीत मी काही म्हणायच्या आधीच दुसऱ्याने विचारलं, “कुलूप लावून भट्टीवर गेलेले पण आनंदात गेले का रे?” त्यावर बराच वेळ चर्चा झाली, वीटभट्टीची उचल, म्हणजे मजुरीपोटी आधीच घेतलेले पैसे, भट्टीवर शाळा सुटणारी मुलं, आणि आपल्या इमारतीच्या विटा कुठून येतात इथपर्यंत. सात दिवसांतलं सगळ्यात चांगलं बौद्धिक मला तेच वाटतं, आणि त्याला वक्ता नव्हता.

परत आल्यावर हिशेब, उपयोगिता प्रमाणपत्र, अहवाल यांत जानेवारी गेला. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला सहकारी सर आणि दोन विद्यार्थी गेले. कोणाचे अर्ज भरले, कोणते अडकलेत, बंधाऱ्याला किती खर्च आला, हे त्यांनी तिथे वाचून दाखवलं आणि यादीची एक प्रत शाळेत ठेवली. दोन गोणी वाहून गेल्या होत्या, त्या पाड्यातल्यांनी आधीच बदलल्या होत्या.

पुढच्या वर्षी काय, असं विचारल्यावर सभेत उत्तर मिळालं की चाळीस पोरं नकोत. एवढ्या माणसांचं रांधायचं तर बायकांची बाकीची कामं राहतात. त्यापेक्षा कागद भरता येणारी चार-पाच पोरं महिन्यातून एकदा पाठवा, आणि शक्यतो तहसीलच्या कामाच्या दिवशी. शिबिराच्या अर्जात चार-पाच मुलांचा रकाना नाही. पण नियमित कामाचे वर्षाला 120 तास असतातच, ते या भेटींत मोजता येतात, आणि प्रवासभाड्यासाठी नियमित अनुदानाचं शीर्ष चालतं, असं विभागाकडून विचारून घेतलं आहे. फेब्रुवारीपासून एक गट जातो आहे. शिबिरासाठी दुसरं गाव शोधायचं काम पुन्हा जुलैत.